चढता आकडा

“हे काय आहे?” लिसी सिस्टरने हातमोजा घातलेला तळवा माझ्या नाकासमोर धरला. तळव्यावर मोहरीचे चार-सहा दाणे होते.

“मोहरी,” मी म्हटलं.

“ते मला पण दिसतं. पण इथे कशी आली?”

इथे म्हणजे पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, जिथे हवासुद्धा गाळून आत सोडतात. दोन दारं ओलांडायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, टोपी, मास्क, झगा चढवायचा आणि मग पलंगापाशी जायचं. पलंगावर माझी भाची केतकी. वय आठ, डोक्यावर औषधालाही केस नाही, जीभ मात्र जागच्या जागी. तिच्या हाडांतल्या मगजाने रक्त बनवणंच सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी तो निकामी मगज औषधांनी पार पुसून टाकला आणि माझ्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळ पेशी तिच्या शिरेतून आत सोडल्या. त्या रुजल्या तर पोर वाचणार होती. नाही रुजल्या तर तिच्याकडे स्वतःचं असं काहीच उरलेलं नव्हतं.

“मी नाही आणली,” मी सिस्टरला म्हटलं, आणि ते खरं होतं. पण कुणी आणली ते मला बघताक्षणी कळलं होतं. थोड्या दिवसांपूर्वी मी आंघोळीला गेले होते तेवढ्या वेळात आबा आत बसले होते.

आबा म्हणजे आमचे वडील. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्यांचं कुजबुजणं चार घरं पलीकडे जायचं. मी तिथेच एका मुलींच्या शाळेत खो-खो शिकवत होते. तेव्हा चाळिशीच्या आत होते आणि ताप येऊन झोपलेलं मला कुणी पाहिलं नव्हतं. केतकीला कुणाच्या पेशी द्यायच्या हा प्रश्न आला तेव्हा तिच्या बापाच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, प्रल्हादच्या रक्तात जुन्या काविळीची खोड निघाली. वहिनी ज्योत्स्नाचे दिवस भरत आलेले, ती जयसिंगपूरला माहेरी. उरले मी. माझं निम्मं जुळलं आणि आजकाल निम्मंही चालतं असं डॉक्टर म्हणाले. “घ्या की, मैदानात तापवलेलं रक्त आहे,” असं मी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं. मिरवायची सवय आहे मला, ती काही इस्पितळात गेले म्हणून सुटली नाही.

मोहरी सापडली त्याच दुपारी कामत डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. कामत म्हणजे तिथले मोठे डॉक्टर. माणूस शांत, पण बोलायच्या आधी समोरच्याला बसायला लावायचे. ते “बसा” म्हणाले की बातमी वाईट, हे आम्ही धरूनच चालायचो. त्यांच्या मागे डॉ. नसरीन मुजावर उभ्या होत्या. त्या वयाने लहान, मूळच्या मिरजेच्या. आपल्या भागातल्या म्हणून मला त्या सुरुवातीपासून घरच्यासारख्या वाटायच्या.

“बसा,” कामत म्हणाले. प्रल्हाद, आबा आणि मी बसलो.

“केतकीच्या पांढऱ्या पेशी वर यायला लागल्यात. म्हणजे वैजयंताताईंच्या पेशी आत कामाला लागल्या असाव्यात.”

“लागणारच,” मी म्हटलं.

“पण तिच्या रक्तात एक विषाणू सापडलाय. आधी थोडा होता, आता पुष्कळ आहे, आणि आकडा चढतोय. हा नागिणीच्या घराण्यातला विषाणू. बहुतेक सगळ्यांच्या अंगात लहानपणीच शिरतो, थोडा ताप आणतो आणि गेला असं आपल्याला वाटतं. तो जात नाही, आत झोपून राहतो. शरीराचा पहारा उठला की हाही उठतो. मगज बदललेल्या मुलांमध्ये हे होतं. केतकीला बारीक ताप आहे, अंगावर पुरळ आहे. हा मेंदूपर्यंत पोचला तर फार अवघड होईल.”

“मग औषध द्या की,” प्रल्हाद म्हणाला.

“औषध आहे. पण ते नव्या पेशींनाही खाली ओढतं. त्या अजून मूठभरच आहेत. औषधाने त्या गेल्या तर पुन्हा द्यायला वेळ मिळेलच असं नाही. तरीसुद्धा उद्या सकाळी औषध सुरू करावं असं माझं मत आहे.”

“हा आला कुठनं पण? बाहेरनं?”

“बहुधा आतूनच. पण नक्की सांगता येत नाही.”

आबांना या सगळ्यातलं एकच ऐकू गेलं होतं. “नागीण म्हणालं काय गं डाक्टर?” त्यांनी मला विचारलं. त्यांच्या मते हळूच. काचेपलीकडे बसलेल्या लोकांनी वळून पाहिलं.

बाहेर आल्या आल्या प्रल्हादने आबांना गाठलं. सिस्टरने मोहरीची गोष्ट त्यालाही सांगितलेली होती.

“आबा, आत मोहरी तुम्ही टाकली?”

“टाकली न्हाई. ववाळली,” आबा म्हणाले. “पोरीची दिष्ट काडली. मीठमव्हऱ्या खिशातनं आनल्या हुत्या. दोन दानं सांडलं आसतील.”

“मास्क होता तोंडाला?”

“तोंडानं म्हणाय लागतंय न्हवं? मास्कातनं दिष्ट कशी निगंल?”

“आणि हात धुतले होते?”

“बाहीर धुतलं की. पर खिशातनं मीठ काडाय मोजं काडलं.”

प्रल्हाद पुण्याच्या माणसासारखा बोलायला शिकलेला, पण तेव्हा त्याचा तोल गेला. “अख्खं हॉस्पिटल तिला काचेत ठेवतंय आणि तुम्ही उघड्या हातानं तिच्या तोंडावरनं मीठ फिरवलं? तुम्ही मारणार माझ्या पोरीला!”

“तुजी आई आसती तर तिनं काडली आसती,” आबा म्हणाले. “ती न्हाई म्हणून म्या काडली.”

आई केतकीच्या जन्माआधीच गेलेली. हौसाबाई नाव. अंगाने काडी, पण ती असेपर्यंत घरात तिच्या शब्दाबाहेर चमचा हलला नाही. कुणाची पोरं आजारी पडली की ती आधी दवाखान्याला पैसे द्यायची आणि मग दृष्ट काढायची, दोन्हींत कसूर नाही. आबांना यातलं दुसरं तेवढं जमण्यासारखं वाटलं असावं. प्रल्हाद तरातरा जिना उतरून गेला.

आबा तिथल्या बाकावर बसून राहिले. मी शेजारी बसले. त्यांच्यावर रागवायचं ठरवून बसले होते, पण त्यांचा चेहरा बघून ते राहून गेलं.

“वैजे,” ते म्हणाले, “दिवाळीत माज्या कमरंवर नागीण उठली हुती.”

“काय? आणि सांगितलं नाही कुणाला?”

“काय सांगायचं? पोरगी आजारी, त्यात माजं कुटं? काव लावून घेतली, बसली. पर डाक्टर काय म्हणाला? झोपून ऱ्हाती आन उटती. माज्यातली उटली आन पोरीत शिरली. ह्या हातानं.” त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे-पालटे करून बघितले.

“आबा, ही ती नागीण नव्हे. तिची लांबची भावकी.”

“भावकीच वंगाळ आसती,” आबा म्हणाले आणि उठले. “म्या खोलीवर जातो. हिकडं येत न्हाई आता.”

खोली म्हणजे इस्पितळाजवळच्या धर्मशाळेतली. ते खरोखरच गेले. संध्याकाळी डबा पाठवला तो तसाच परत आला.

माझाही त्या दिवशी पापड मोडलेला होता. आबांचा राग, प्रल्हादचा राग, आणि नागिणीच्या त्या भावकीचा सगळ्यांत जास्त. माझ्या पेशी आत इमानदारीने उभ्या राहू बघतात आणि कोण कुठला विषाणू मधे येतो! मी तणतणत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते, तेव्हा मुजावर डॉक्टर मागून आल्या.

“ताई, एक नळी रक्त द्याल?”

“कमरेतला मगज काढून दिला, आता नळीचं काय विचारता? पण माझं कशाला?”

त्यांनी मला खिडकीजवळ नेलं. “केतकीला तुमच्या पेशी दिल्या त्याआधी तिच्या रक्तात हा विषाणू नव्हता. तुमच्या पेशी वर यायला लागल्या आणि हाही वर यायला लागला. त्या थोड्या तर हा थोडा, त्या वाढल्या तर हा तेवढाच वाढला. झोपेतून उठलेला विषाणू असा शिस्तीत चालत नाही. तो उसळतो.”

“म्हणजे तो माझ्या रक्तातनं गेलाय?”

“तेच बघायचंय. तुमच्या रक्तात तो असाच भरपूर निघाला आणि तुम्ही ठणठणीत आहात, तर औषधाची गरज नाही असं मी सरांना सांगू शकेन.”

मी बाही वर केली. आजपर्यंत सुई टोचताना मी खुशाल बघत आलेय, पण त्या वेळी तोंड फिरवलं. ज्या रक्ताचा एवढा डांगोरा पिटला होता त्याच रक्ताने पोरीवर ही पाळी आणली असेल, या विचाराने माझं मलाच तोंड दाखवायची लाज वाटत होती.

“थोडे केसही लागतील,” मुजावर म्हणाल्या. “मुळासकट.”

“केस कशाला?”

“माझं खरं निघालं तर सांगेन. खोटं निघालं तर उगाच तुमच्या डोक्याला ताप.”

मी वेणीतून केस उपटून त्यांच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामतांनी परत “बसा” म्हटलं. आबा नव्हते. प्रल्हादची दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

“आम्हा डॉक्टरांत मतभेद आहे आणि तो तुमच्यापासून लपवायचा नाही असं आम्ही ठरवलंय,” कामत म्हणाले. “मुजावर म्हणतात की विषाणू जागा झालेलाच नाही, तो ताईंच्या पेशींबरोबर आलेला निरुपद्रवी पाहुणा आहे. त्यांचं बरोबर असेल आणि आपण औषध दिलं, तर आपल्याच हाताने नव्या पेशी मारू. त्यांचं चूक असेल आणि आपण थांबलो, तर विषाणूला एक दिवस मोकळं रान मिळेल. ताईंच्या रक्ताचा निकाल उद्या सकाळी येईल. मी स्वतः आजच औषध सुरू केलं असतं. पण मुजावरांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही.”

प्रल्हादने माझ्याकडे पाहिलं. “आक्का, तू सांग. माझं डोकं चालंना झालंय.”

मैदानावर मी झटक्यात निर्णय घेते. तिथे चुकलं तर फार तर सामना जातो. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा कळलं की आपल्या आवाजात जो जोर असतो तो काही प्रत्येक ठिकाणी कामाचा नसतो. मी म्हटलं, “डॉक्टर, मेंदूला लागलं तर आधी काय दिसतं?”

“गुंगी. विसर पडणं. माणसं न ओळखणं. असंबद्ध बोलणं. मग झटके.”

“आत्ता यातलं काही आहे तिला?”

“नाही.”

“दिसल्याबरोबर औषध दिलं तर फार उशीर होईल?”

कामत म्हणाले, “उशीर होईल. पण लगेच लक्षात आलं तर सावरता येण्याइतका असेल.”

“मग थांबा. मी तिच्या शेजारून उठत नाही.”

प्रल्हादने डोळे मिटून मान हलवली. कामत म्हणाले, “ठीक. औषध दाराबाहेर तयार ठेवतो. तिच्यात काहीही वेगळं वाटलं की घंटा दाबायची. विचार करत बसायचं नाही.”

मी आत गेले ती अशी गेले की जणू पोरीवर पहारा बसवलाय. दर थोड्या वेळाने तिला विचारायची, “तुझं नाव काय? शाळा कुठली? वर्गाच्या बाई कोण? आई कुठं आहे?” केतकी पहिल्यांदा नीट सांगायची, मग सुस्कारे टाकत सांगायला लागली.

“आत्या, तू मला विसरलीस काय?” ती शेवटी म्हणाली. “सारखं माझंच नाव विचारतीस.”

“वय झालं माझं. सांग बघू, मी काय करते?”

केतकीने दोन बोटं मास्कवर धरून शिट्टीचा आवाज काढला आणि माझ्या आवाजात ओरडली, “ए हत्तिणी, पाठ वळवून बसतीस काय! ऊठ, पळ!” माझी नक्कल तिला हुबेहूब यायची. एरवी मी कान धरला असता. त्या दिवशी मला ती नक्कल ऐकून इतकं बरं वाटलं की मी तिला ती पुन्हा करायला लावली.

“आबा का येत नाहीत?” तिने मधेच विचारलं.

“त्यांना सर्दी झालीय.”

“खोटं. त्यांनी माझ्यावरनं मीठ फिरवलं म्हणून तुम्ही त्यांना हाकललंत. सिस्टर बोलत होत्या.” मग उशीवर मान टेकून म्हणाली, “मला आवडलं होतं ते. काय काय पुटपुटत होते आणि सगळं बाहेरपर्यंत ऐकू जात होतं.”

जेवण झाल्यावर तिला झोप लागली. तापातली झोप ही, मला माहीत होतं. तरी ती लांबत चालली तसा माझा धीर सुटायला लागला. काचेपलीकडे दाराशी औषधाची पिशवी टांगलेली दिसत होती. मी थांबा म्हटलं, मी. पोरगी प्रल्हादची, जीव तिचा, आणि निर्णय माझा. अखेर राहवेना. मी तिचा खांदा हलवला.

“केतकी. ए केतकी, ऊठ.”

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

“तुम्ही कोण?” ती म्हणाली.

 मी घंटीकडे हात नेला. “केतकी, मी आत्या. बाळा, मी आत्या गं.”

“कोण आत्या?”

माझं बोट घंटीवर टेकलं तेवढ्यात मास्कमागे काहीतरी खुदखुदलं. “घाबरली! आत्या घाबरली!”

मी तिला अशी एक शिवी हासडली की लिसी सिस्टर दारातच थबकली. मग झग्याच्या बाहीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडले. इतकी की केतकीच घाबरली.

“चेष्टा केली की गं,” ती माझ्या टोपीवरून हात फिरवत म्हणाली. “तू एवढी मोठी आणि अशी काय रडतीस?”

“पुन्हा अशी चेष्टा केलीस तर टाळकं फोडीन,” मी म्हटलं. आमचं दोघींचं त्यावर एकमत झालं आणि ती पुन्हा झोपली. या वेळी मी तिला झोपू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुजावर डॉक्टर आल्या त्या झगा उलटा घालून. मागोमाग कामत. प्रल्हाद काचेला नाक लावून उभा होता, त्यालाही आत घेतलं.

“ताई,” मुजावर म्हणाल्या, “तुमच्या रक्तात तो केतकीपेक्षाही जास्त आहे. आणि केसांच्या मुळांतही आहे.”

“अगं बाई! म्हणजे आजारी मी आहे?”

“कधी वाटलं का आजारी?”

“कधीच नाही.”

“कारण तो तुम्हाला लागलेला नाहीच. तुम्ही त्याच्यासकट जन्माला आलात. फार पूर्वी, तुमच्या कुठल्या तरी पणजी-खापरपणज्याच्या बीजात हा विषाणू अडकला आणि तिथेच शिवला गेला. तेव्हापासून तो तुमच्या घराण्यात उतरतोय, जसं नाक उतरतं, रंग उतरतो. शंभरात एखाद्याकडे असतो. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. तुमच्या एकेका पेशीत त्याची एकेक प्रत आहे, केसापासून नखापर्यंत. केतकीच्या बाकी अंगात तो नाही. फक्त रक्तात आहे, कारण रक्त आता तुमचं आहे.”

प्रल्हाद म्हणाला, “पण आकडा तर वाढतोय डॉक्टर.”

“वाढणारच. तिच्यात विषाणू वाढत नाहीये. ताई वाढतायत.”

कामत सिस्टरला म्हणाले, “ती पिशवी काढून टाका.” मग मुजावरांकडे वळून म्हणाले, “भांडलात ते बरं केलंत.” ताप आणि पुरळ नव्या पेशींचंच काम असावं, नवीन बिऱ्हाड येताना थोडी आदळआपट होते, असं ते जाता जाता सांगून गेले. मी केतकीकडे पाहिलं. ती दूध नको म्हणून सिस्टरशी वाद घालत होती. मला हसू आवरेना. माझं रक्त होतं ते, वाद घालणारच.

प्रल्हाद मात्र तिथे थांबला नाही. तो धर्मशाळेत गेला आणि त्याने आबांचे पाय धरले. हे मला त्याने नाही सांगितलं, खोलीतल्या दुसऱ्या माणसांनी सांगितलं. पण आबांनी त्याचं ऐकलं नाही. मी गेले तेव्हा ते पिशवी भरून बसले होते.

“मला बरं वाटाय पायजे म्हणून सांगालाय तुमी,” ते म्हणाले. “विषाणू हाय, पर तो गुणाचा हाय! आसं कुटं आसतंय व्हय? म्या घातला तिच्यात. मला ठावं हाय.”

“मग चला. तुमचंही रक्त तपासू. तुमच्यात काय आहे ते कळू दे एकदाचं.”

मी त्यांना हाताला धरून इस्पितळात आणलं. मुजावर म्हणाल्या, “ताई, खरं तर आता त्याची गरज नाही.”

“इस्पितळाला नसेल,” मी म्हटलं. “आमच्या घराला आहे.”

त्यांनी आबांकडे पाहिलं आणि नळी आणायला सांगितली.

तो निकाल यायला वेळ लागला. तोवर केतकीचा ताप उतरला, पेशी भराभर वर आल्या, आणि तो चढता आकडाही त्यांच्याबरोबर वर आला. आता आम्ही त्याची वाट बघायचो. प्रल्हाद रोज ज्योत्स्नाला फोनवर तो आकडा ओरडून सांगायचा. आबा मात्र काचेपर्यंत यायचे, पोरीला हात दाखवायचे आणि मागे फिरायचे. आत चला म्हटलं की मान हलवायचे.

मग एका सकाळी कामतांच्या खोलीत आबांना बोलावलं. मुजावर त्यांच्या कानाजवळ वाकून मोठ्याने म्हणाल्या, “आबा, ताईंच्यात आहे तसा हा विषाणू तुमच्यात नाही.”

“नीट बगा की. मला नागीण झाल्याली हाय.”

“ती वेगळी. हा तुमच्याकडून कुणालाच गेलेला नाही. दृष्ट काढताना केतकीला नाही, आणि जन्माबरोबर ताईंनाही नाही. पुन्हा आत जाल तेव्हा हात धुवा आणि मास्क ठेवा, एवढंच.”

आबांनी मोठा श्वास सोडला. एवढा मोठा की त्यांनी तो त्या दिवसापासून धरून ठेवला होता असं वाटलं. प्रल्हाद उठून त्यांच्यामागे उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता खोलीवर जाऊन जेवतील. पण आबा बसूनच राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. बिघडलेल्या मागाचा दोष शोधताना पडायच्या तशा.

“मग वैजीकडं कुटनं आला?”

“आई-वडिलांपैकी एकाकडूनच येतो,” मुजावर म्हणाल्या. “तुमच्यात नाही. म्हणजे त्यांच्या आईकडून.”

“हौसाचा?”

आम्ही दोघं बहीण-भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिलो. आईला ती हयात असताना त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि ती गेल्यावरही आमच्यासमोर कधी तिचं नाव घेतलं नव्हतं.

“होय, त्यांचाच.”

“आन आता त्यो केतकीत हाय.”

“तिच्या रक्ताच्या प्रत्येक पांढऱ्या पेशीत.”

“जाईल?”

“नाही. ती आहे तोवर राहील.”

आबांनी हे सगळं मनात नीट बसवून घेतलं. मग कामतांकडे वळले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आन तुमी औषिद घालून तिलाच मारायला निगाला हुता व्हय?”

कामत दचकले, मग मान खाली घालून हसले. “होय आबा. माझं मत तसंच होतं.”

“बरं झालं ह्या पोरींनी आयकलं न्हाई तुमचं.”

त्यांनी उठून सिस्टरला हात कुठे धुवायचे ते विचारलं. कोपरापर्यंत धुतले, लिसी सिस्टर पुरे म्हणेपर्यंत. टोपी, मास्क, झगा चढवून ते आत गेले. मी आणि प्रल्हाद त्यांच्यामागे होतो. मला आईची फार आठवण आली. ती गेली तेव्हा मी रडले नव्हते, घरचं सगळं बघायचं होतं म्हणून. इतकी वर्षं तिला मी अंगात घेऊन हिंडत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

केतकी उशीला टेकून बसली होती. आबा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. बघतच राहिले.

“आबा, असं काय बघताय?” केतकी म्हणाली.

“बगू दे की जरा. लई वर्सांनी गाठ पडलीया.”

“सकाळीच तर काचेतनं बघितलंत!”

“तुजी न्हवं गं,” आबा म्हणाले आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.